छतातल्या पांढऱ्या चकत्या: घरातल्या फायर स्प्रिंकलरचा अकरा महिन्यांचा अनुभव

कॅलिफोर्नियात ट्रेसी शहराजवळ नवं घर घेतलं. सासूबाईंनी छताकडे बघून विचारलं, "ही एवढी झाकणं कसली गं?" आत आग लागली की पाणी फवारणारे फायर स्प्रिंकलर आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हणजे फोडणी दिली की वरून पाणी?"

आम्हाला निवड नव्हतीच. इथे १ जानेवारी २०११ पासून नव्या स्वतंत्र घरांना स्प्रिंकलर सक्तीचे आहेत. धाकटा दीर टेक्सासात; त्याच्या कोऱ्या घरात एकही नाही. तिथे २००९ पासून शहरांना नव्याने अशी सक्ती करताच येत नाही. "तुम्ही उगाच पैसे घातलेत," हे त्याचं पालुपद. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

पहिली परीक्षा वास्तुशांतीला झाली. गुरुजींनी तांब्याचं छोटं कुंड मांडलं, तुपाची तिसरी आहुती पडली आणि वरच्या मजल्यावरचेसुद्धा सगळे स्मोक अलार्म एकदम बोंबलायला लागले. ते एकमेकांना जोडलेले असतात. गुरुजी सवयीचे, मंत्र न थांबवता हातानेच "टॉवेलने वारा घाला" अशी खूण केली. सासूबाई मात्र पदर डोक्यावर घेऊन छताकडे बघत बसल्या. एक थेंब पडला नाही. स्प्रिंकलरला धूर कळत नाही, उष्णता कळते. आमच्याकडे साधारण ५७ अंश सेल्सिअसला चकतीचा डाख वितळून ती गळून पडते, मग सत्तरीच्या आसपास आतलं तोंड उघडतं. तेही तेवढ्याच जागेचं. सिनेमातल्यासारखा घरभर पाऊस नाही. फोडणीची भीती तिथेच संपली.

डोकेदुखी निघाली ती माणसांची. बिल्डरच्या रंगाऱ्याने चार चकत्यांच्या कडा पुट्टीने बुजवून वर रंग फासला होता. दिसायला सफाईदार, पण चिकटलेली चकती वेळेवर पडणार कशी? तिला रंग कारखान्यातच देतात, घरी ब्रश लावायचा नसतो. तीन ईमेल आणि एक भांडण झालं, तेव्हा कुठे बदलून मिळाल्या.

मग पाण्याचा क्षार. नळांवर पांढरे थर धरायला लागले, म्हणून वॉटर सॉफ्टनर बसवायला प्लंबर बोलावला. तो सरळ मुख्य पाइपवरच जोडायला निघाला. नशीब, गॅरेजातल्या व्हॉल्व्हला लटकवलेली पाटी मी आदल्या दिवशी वाचली होती. याच पाण्यावर स्प्रिंकलर चालतात. सॉफ्टनर, फिल्टर किंवा आपोआप पाणी बंद करणारं काहीही तपासून घेतल्याशिवाय जोडू नका, असा तिचा मतलब. दाब कमी पडला तर स्प्रिंकलर उघडून उपयोग काय? प्लंबर म्हणाला, "सगळे असंच करतात." मी म्हटलं, करोत. शेवटी स्प्रिंकलरची लाइन जिथे वेगळी निघते, त्याच्या पुढे फक्त घरगुती नळांच्या पाइपवर सॉफ्टनर बसला. खर्च थोडा वाढला.

बाकी देखभाल फारशी नाही. महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह उघडा आहे ना आणि दाबाच्या गेजचा काटा नेहमीच्या जागी आहे ना, एवढं बघते. गॅरेजात स्प्रिंकलरवर चकत्या नाहीत, ते उघडेच दिसतात, बारीक लाल काचनळीवाले. तिथे मखराची खोकी छतापर्यंत रचायची नाहीत, यावरून नवऱ्याशी अजून वाद चालू आहे.

दिवाळीला दिराने गळती ओळखून पाणी आपोआप बंद करणारं महागडं यंत्र पाठवलं. स्प्रिंकलरचं पाणी हीसुद्धा त्या यंत्राला गळतीच वाटली असती. ते खोक्यातच आहे. दिराला अजून सांगितलेलं नाही.