एकाच वेळी बोलणाऱ्यांची जागा शोधणारे आठ मायक्रोफोन : सात महिन्यांच्या वापरानंतर

बैठकीत कोण कोठून बोलत आहे हे ओळखण्यासाठी खोलीभर विखुरलेल्या आठ मायक्रोफोनची प्रणाली मी सात महिने वापरत आहे. एकटी व्यक्ती बोलत असेल, तर तिची जागा हातभर अंतराच्या आत मिळते. परीक्षा होते ती दोघे-तिघे एकदम बोलू लागल्यावर.

पहिले दोन महिने मात्र मी दोष भलत्याच ठिकाणी शोधत होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि तो कोणत्या मायक्रोफोनपर्यंत किती आगेमागे पोहोचला यावरूनच जागा काढली जाते; त्यामुळे वेळ मोजण्यात एका मिलिसेकंदाची चूक झाली, की अंतराचा हिशेब ३४ सेंटिमीटरने चुकतो. माझ्या संचातील प्रत्येक मायक्रोफोनचे घड्याळ स्वतंत्र होते. अशा दोन घड्याळांच्या गतीत दहा लाखांत वीस भाग इतका किरकोळ फरक असला, तरी मिनिटभरात ती १.२ मिलिसेकंदांनी फाकतात. परिणामी, सुरुवातीला खुर्चीत दिसणारा माणूस थोड्याच वेळात भिंतीत जाऊन बसे. सर्व मायक्रोफोन तारेने एकाच ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात घेणाऱ्या उपकरणाला) जोडले आणि सर्वांना एकच घड्याळ मिळाले, तेव्हा हा प्रकार थांबला.

दुसरी अडचण अधिक चिवट निघाली. दोघे एकदम बोलले, की मायक्रोफोनच्या प्रत्येक जोडीला दोन कालफरक मिळतात आणि एका जोडीतील फरक दुसऱ्या जोडीतील चुकीच्या फरकाशी जुळवला गेला, तर जेथे कोणीच नाही तेथे तिसरा वक्ता उभा राहतो. (आम्ही त्याला ‘भूत’ म्हणतो.) नॅप आणि कार्टर या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सामान्यीकृत सहसंबंधाचे (दोन मायक्रोफोनमधील आवाज वेळेत किती सरकवल्यावर जुळतात हे पाहण्याच्या पद्धतीचे), ध्वनीची तीव्रता बाजूला ठेवून केवळ कला (फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कोठे आहे ते) पाहणारे रूप निवडल्यावर आणि प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा न लावता खोलीतील प्रत्येक बिंदूसाठी सर्व जोड्यांची बेरीज घेतल्यावर भुते बरीच कमी झाली, गुळगुळीत टेबलावरून परतणाऱ्या आवाजाची मात्र अजून राहिली आहेत.

मायक्रोफोनच्या घेराबाहेर बसलेल्या व्यक्तीची दिशा बरोबर येते, अंतर मात्र बेभरवशाचे असते. कोणी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, तर थेट आवाजापेक्षा भिंतीवरून परतलेला आवाजच प्रबळ ठरतो. म्हणून मी दोन मायक्रोफोन टेबलावरून काढून फळ्याच्या दोन्ही बाजूंना लावले आहेत. तिघांपलीकडे गलका झाल्यास वक्त्यांची संख्या अजूनही मीच हाताने भरतो.