धंदा बदलायचा का? बेळगावच्या टिळकवाडीतलं सल्ला केंद्र

उद्यमबागेतल्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरला इथं थेट ‘नोकरी सोडा’ म्हणत नाहीत, हे बरं. आधी पगाराची स्लिप मागतात, सहा महिन्यांचा घरखर्च कागदावर मांडायला लावतात. मग कंटाळा कामाचा की साहेबाचा, ते वेगळं काढतात. साहेबाचा असेल तर शेजारचं वर्कशॉपही चालतं!

पैशाचं गणित मात्र कच्चं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी रक्कम: शेवटचा मूळ पगार अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. कायम कामगारानं चौथ्या वर्षीच राजीनामा टाकला तर ती बुडते. इथं त्यावर कुणी बोलत नाही. पीएफसोबतच्या पेन्शनची १० वर्षं भरली नसतील तर ते पैसे उचलू नयेत, स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या नोकरीचा दाखला) घ्यावं, जुनी वर्षं पुढं धरतात. कलचाचणी फक्त कन्नड-इंग्रजीत. मराठी शाळेतल्यांनी आधीच विचारावं.