स्टेम सेल की रोजच्या गोळ्या? बाबांसाठी आम्ही काय निवडलं

बाबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा दुखणं अंगावर काढण्यात चार तास गेले. गोव्यातल्या डिचोलीहून बांबोळीच्या इस्पितळात पोचलो, स्टेंट पडला, पण इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, आला ३०. मेलेला स्नायू परत येत नाही, हे ऐकून घरी आलो आणि आठवड्याभरात कुणीतरी स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचं नाव काढलं.

मोह पडतोच. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी हृदयात सोडायच्या, स्नायू नवा होणार. मीही महिनाभर त्याच आशेवर होतो. वाचत गेलो तसं कळलं की सोडलेल्या बहुतेक पेशी तिथे टिकतच नाहीत, स्नायू बनणं तर दूरच. हृदयातल्या स्टेम सेलवर ज्यांच्या कामाचा मोठा बोलबाला होता, त्या पिएरो अँव्हर्सांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असं ते जिथे काम करायचे त्या हार्वर्डनेच २०१८ मध्ये सांगितलं. जपानमधल्या ओसाकात २०२० मध्ये आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेल्या स्टेम सेलपासून) केलेली स्नायूची पातळ चकती रुग्णाच्या हृदयावर बसवली. ती वाट वेगळी आहे, आणि तिच्याकडून मला आजही आशा आहे.

पण माझं मन फिरलं ते एका साध्या प्रश्नावर. परराज्यातल्या एका खासगी क्लिनिकने खर्चाचा आकडा व्हॉट्सॲपवर लगेच पाठवला. मी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागितला. तीनदा मागितला. दर वेळी बरे झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ आले, क्रमांक आला नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हृदयासाठी हे उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. मग हा आकडा कसला?

गोळ्यांचा मार्ग कंटाळवाणा आहे, हे मान्य. चार प्रकारची औषधं, डोस हळूहळू वाढवायचा. सुरुवातीला बाबा खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मिठामुळे पेजेबरोबरचं तोराचं (कोवळ्या कैरीचं) लोणचं आणि सुकी सुंगटं (कोळंबी) सुटली, त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. सकाळी लघवीला जाऊन आले की वजनकाट्यावर उभं राहायचं, आकडा कॅलेंडरवर लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, डॉक्टरांना फोन. गेल्या पावसात असं एकदा झालं. गोळी वाढवली आणि ॲडमिट करण्याची वेळ टळली.

प्रत्येकाचं हृदय वेगळं, तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा मोठा. खरी, नोंदवलेली चाचणी समोर आली तर त्यांना जरूर विचारा. तेव्हाही गोळ्या चालूच ठेवायच्या असतात. आमचा ईएफ नऊ महिन्यांनी ३८ झाला. यंदा चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास, बांधताना बाबा खाली उभे राहून एकेक फळ वर देत होते, मध्ये एकदाही बसले नाहीत.