पिंप्राळ्यातल्या स्वस्त घरांचा रिव्ह्यू : घर चांगलंय, पण वरचा मजला बघून घ्या

जळगावात पिंप्राळ्याकडं परवडणाऱ्या घरांची जी स्कीम झाली तिथं आम्ही राहतो. २०२१ ला बुक केलं होतं. आता रिसेलला फ्लॅट निघतायत आणि ओळखीचे बरेच जण विचारतात की घ्यावा का, म्हणून सविस्तर टाकतोय. बिल्डरचं नाव मुद्दाम घेत नाही, अशा स्कीमा भुसावळला धुळ्याला पण आहेत आणि प्रॉब्लेम सगळीकडं तेच आहेत.

आधी एक क्लिअर करतो. जळगावात घरकुल म्हटलं की लोकं दचकतातच, नगरपालिकेच्या घरकुल घोटाळ्यात २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टानं ४८ जणांना दोषी धरलं होतं, ते कोण विसरणार. पण ती पालिकेची योजना होती, ही प्रायव्हेट बिल्डरची आणि रेराला, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडं, नोंदलेली आहे.

घर वन बीएचके, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ३८ चौरस मीटर, म्हणजे ४०९ स्क्वेअर फूट. टेप लावून मोजलं, अ‍ॅग्रीमेंटला लिहिलंय तेवढंच भरलं. किचन मला खरंच आवडलं, ओटा लांब आहे आणि खिडकी बरोबर शेगडीच्या बाजूला, हिवाळ्यात भरिताची वांगी भाजली तरी धूर कोंडत नाही. शेजार पण चांगला, कुणी दाल मिलमधे, कुणी चटईच्या कारखान्यात, कुणाची स्वतःची रिक्षा, सगळी कष्टाची माणसं. रात्री-अपरात्री दार वाजवलं तर चार जण धावत येतात.

पैशाचं पण सांगतो. जीएसटी फक्त १ टक्का लागला, २०१९ पासून ४५ लाखाच्या आतल्या अशा घरांना तोच रेट आहे, बाकी बांधकाम चालू असलेल्या घरांना ५ टक्के. तयार घर रिसेलला घेतलं तर जीएसटीचा विषयच येत नाही. आवास योजनेची व्याजाची सबसिडी पण मिळाली, तेव्हा ६ लाखापर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के होती आणि घरावर बाईचं नाव पाहिजे होतं म्हणून आईचं नाव लावलं. ती स्कीम मार्च २०२२ ला बंद झाली. आता योजना २.० मधे पहिल्या ८ लाखावर ४ टक्के आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार आणि ते पण पाच हप्त्यांत, तेव्हा हिशोब तसा धरा.

आता उन्हाळा. आम्ही सगळ्यात वर राहतो आणि मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की स्लॅब इतका तापतो की रात्री बाराला पण भिंतीला हात लावला तर गरम लागते. कूलर लावू म्हटलं तर खिडकी अरुंद आणि ग्रील फिक्स, तोंडच बसत नाही, शेवटी ग्रील कापून बाहेर लोखंडी स्टँड ठोकला. त्यात नळाला रोज पाणी नाही, बोअरचं टाकावं लागतं, ते क्षाराचं, कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि हवा येणं बंद. लहान लेकरं असलेल्या घरात काय हाल होतात ते इथं येऊन बघा भो.

ही उन्हाळ्याची तक्रार मी का सोडत नाही ते सांगतो. या प्रोजेक्टला आयकराच्या ८०-आयबीए कलमाचा फायदा मिळालाय, जून २०१६ ते मार्च २०२२ मधे मंजूर झालेल्या आणि अटीत बसणाऱ्या परवडणाऱ्या घरांच्या प्रोजेक्टमधे बिल्डरच्या नफ्यावर १०० टक्के वजावट. म्हणजे सरकारनं सोडलेला टॅक्स या घरांत आहे, तो आपल्या सगळ्यांचा पैसा आहे. मग साइट ऑफिसला "एवढ्या पैशात हेच मिळतं" असं उत्तर का ऐकून घ्यायचं? कलमात घर किती लहान पाहिजे, पाच वर्षांत पूर्ण पाहिजे, एका कुटुंबाला दुसरा फ्लॅट द्यायचा नाही असं सगळं आहे, पण छत तापू नये याबद्दल एक अक्षर नाही. आणि आपल्याकडं तर तेच सगळ्यात महत्वाचं. गावाकडच्या धाब्याच्या घरात वर खारी माती असते, भर दुपारी आत झोप लागते. इथं निदान गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक तरी टाकायला पाहिजे होतं.

बाथरूमचं लीकेज झालं होतं, बिल्डरच्या लोकांनी आधी मेंटेनन्सकडं बोट दाखवलं. मग लेखी दिलं की रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचाय, तेही ३० दिवसांत, तर माणूस आला आणि काम नीट करून गेला. तोंडी बोलत बसू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. मधला मजला मिळत असेल तर जरूर घ्या. वरचा घेणार असाल तर एप्रिल-मे मधे दुपारी चारला जाऊन बघा, सकाळी दाखवतात तेव्हा काहीच कळत नाही, आणि भाव पाडून मागा. गच्चीला आधी कुलूप असायचं, बायांना बिबडे-कुरडया वाळवायला जागा नव्हती, आता चावी सोसायटीकडं आहे, ती तळमजल्यावर मिळते.