गेट्स, प्रेमजी की मॅकेन्झी स्कॉट: कौटुंबिक न्यासासाठी दानाची कोणती पद्धत?

व्यवसायातून किंवा जमिनीच्या विक्रीतून हाती आलेल्या पैशाचा काही भाग समाजकार्यासाठी कायमचा बाजूला काढायचे ठरल्यावर रकमेपेक्षा अवघड प्रश्न उरतो तो हा, की ती कोठे आणि कशी खर्च व्हावी हे पुढे कोण ठरवणार. तीन अतिश्रीमंत दात्यांनी या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांचे आकडे आपल्या आवाक्याबाहेरचे असले, तरी त्यांची निर्णयपद्धती लहान न्यासालाही स्वीकारता येते, आणि निवड चुकली तर ती लहान न्यासालाच अधिक महागात पडते.

सिअ‍ॅटल येथील गेट्स फाउंडेशन बहुतेक कामे स्वतः करत नाही. कोणती कामे व्हावीत हे मात्र ते स्वतः ठरवते. लसीकरण, मलेरिया, शेती अशा विषयांवर त्याचे तज्ज्ञ आधी धोरण आखतात, अपेक्षित परिणाम निश्चित करतात आणि मग ते घडवू शकतील अशा विद्यापीठांना, कंपन्यांना व संस्थांना अनुदान देतात. या पद्धतीची ताकद ‘गावी’ या लस-आघाडीत दिसते. तिच्या उभारणीसाठी फाउंडेशनने ७५ कोटी डॉलर देऊ केले आणि अनेक गरीब देशांची मागणी एकत्र आल्यामुळे उत्पादकांशी किमतीबाबत बोलणे शक्य झाले. महाराष्ट्रासह सहा राज्यांत राबवलेला ‘आवाहन’ हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रमही याच पठडीतला होता आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवण्यात आला. परंतु दात्याचाच अंदाज चुकला, तर त्याच्यामागे सगळ्यांचीच दिशा चुकते. अमेरिकेतील मोठ्या माध्यमिक शाळांचे लहान शाळांत रूपांतर करण्यावर फाउंडेशनने भरपूर पैसा ओतला, आणि त्यांतील अनेक शाळांत अपेक्षित सुधारणा झाली नाही हे बिल गेट्स यांनी २००९ मध्ये स्वतःच लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेला मिळणारा या फाउंडेशनचा निधीही बहुतांशी ठरावीक कामांशी बांधलेला असतो, आणि संघटनेचा अग्रक्रम नेमका कोण ठरवतो, ही टीका त्यातूनच येते. ती मला रास्त वाटते.

अझीम प्रेमजी फाउंडेशनचा पैसा विप्रोतून आला, आणि विप्रोची सुरुवात १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. मार्च २०१९ मध्ये प्रेमजींनी विप्रोतील आणखी ३४ टक्के समभागांचे आर्थिक लाभ या कामाला दिले, तेव्हा एकूण निधी सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर गेला. हे फाउंडेशन इतर संस्थांनाही अनुदान देते, पण त्याची खरी ओळख स्वतःच्या पगारी माणसांमुळे आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत राहून सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर वर्षानुवर्षे काम करणारी ही मंडळी आहेत, आणि त्यांच्या जोडीला २०१० पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. कर्नाटकात शालेय आहारात सरकार आठवड्यातून दोन दिवस अंडी देत होते. उरलेल्या चार दिवसांसाठी तीन वर्षांत सुमारे १,५०० कोटी रुपये देण्याचा करार फाउंडेशनने २०२४ मध्ये केला. सरकारी व्यवस्थेला पर्याय उभा न करता तिच्यातच भर घालण्याची ही रीत आहे. ती टिकाऊ खरी, पण तिला माणसे लागतात, आणि माणसे सांभाळणे हाच एक स्वतंत्र व्याप होऊन बसतो.

अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांच्या पूर्वपत्नी मॅकेन्झी स्कॉट यांनी नेहमीच्या अर्थाने फाउंडेशन उभारलेच नाही. सल्लागारांकरवी संस्थांची शांतपणे पारख करायची, मोठी रक्कम विनाअट द्यायची आणि वापराचा निर्णय त्या संस्थेवर सोपवायचा, असा त्यांचा मार्ग आहे. शहरांतील वापरलेले कपडे व वस्तू गावांपर्यंत पोहोचवणाऱ्या ‘गूंज’ या भारतीय संस्थेला २०२१ मध्ये असेच अर्थसाहाय्य मिळाले. दोष निवडीत आहे. सल्लागारांच्या नजरेत न आलेल्या संस्थेला दार ठोठावण्याची सोय नसते. २०२३ मध्ये एकदाच खुले अर्ज मागवले तेव्हा ६,३५३ अर्ज आले. ठरले होते २५० संस्थांना देण्याचे, पण मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले गेले.

वर्षाला काही लाख ते एखादा कोटी खर्च करू शकणाऱ्या कुटुंबाने तिसरा मार्ग धरावा, असे माझे मत आहे. सल्लागारांची उणीव आपल्या तालुक्याची माहिती भरून काढते. कोणती संस्था प्रामाणिक आहे आणि कोणती केवळ अहवाल सुंदर छापते, हे तेथे राहणाऱ्यांना ठाऊक असते. घरातील एक व्यक्ती किमान दहा वर्षे पूर्ण वेळ देणार असेल, तरच प्रेमजींची वाट धरावी. गेट्स यांची पद्धत विषयाचा सखोल अभ्यास नसलेल्या दात्याने टाळावी, कारण अनुदानाच्या अटी लिहिणे सोपे असते आणि त्या निभावताना संस्थेची दमछाक होते.

कायद्याच्या दोन बाबी मात्र या निवडीवर परिणाम करतात. करसवलतीसाठी न्यासाला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग धर्मादाय कामावर लावावा लागतो, आणि २०२३ च्या वित्त कायद्यानंतर दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीचा ८५ टक्के भागच असा खर्च म्हणून धरला जातो. म्हणजे केवळ इतरांना देणाऱ्या न्यासाने हिशेब आधीच सनदी लेखापालाकडून करून घ्यावा. दुसरी बाब परदेशस्थ नातेवाइकांची आहे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भावाने बँकेमार्फत आपल्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी ठरत नाही, पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या बहिणीची ठरते. त्यासाठी वेगळी नोंदणी किंवा परवानगी लागते आणि विदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनुसार तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. अशा पैशापुरता तिसरा मार्ग बंदच आहे.

न्यासाचे आयुष्यही न्यासपत्र लिहितानाच ठरवावे. गेट्स फाउंडेशन २०४५ अखेर बंद होणार आहे, तर प्रेमजींची रचना दीर्घकाळ चालणाऱ्या निधीवर उभी आहे. मुदतीचा न्यास हवा असेल तर त्यात रोख रक्कम आणि रोखे ठेवावेत. घर किंवा शेत घातले तर महाराष्ट्रात ते विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.