भांडण दोघांचं, मदत कुणाची? मध्यस्थी की एकट्याने कोचिंग

रूम पार्टनरशी, प्रोजेक्ट ग्रुपशी किंवा गाइडशी बिनसलंय आणि आता कुणाची तरी मदत घ्यायचीच, इथपर्यंत तुम्ही आला असाल तर हे वाचा. दोन रस्ते आहेत. एकात दोघं समोरासमोर बसतात आणि मधे तिसरा माणूस असतो. दुसऱ्यात फक्त आपण आणि एक प्रशिक्षित माणूस. याला कॉन्फ्लिक्ट कोचिंग म्हणतात. बेळगावात एम.एस्सी. करताना मी दोन्ही घेतलं, तेही एकाच भांडणासाठी.

आधी मध्यस्थीची बाजू, कारण ती कमकुवत नाही. डिपॉझिट कुणी किती भरलं, लाइट बिल आणि गॅसचे पैसे कसे वाटायचे, प्रोजेक्टमध्ये कुणाचं नाव आधी, असल्या गोष्टी एका बैठकीत कागदावर येतात. दोघांचं ऐकून घेतलं जातं, हा त्यातला मोठा फायदा. कोचला फक्त तुमची बाजू कळते, आणि आपली बाजू सांगताना आपण सगळेच थोडं गाळतो, थोडं वाढवतो. हिशेबाचा वाद असेल, दोघंही यायला तयार असतील आणि मधला माणूस दोघांना मान्य असेल, तर मध्यस्थी लवकर उरकते.

माझं मन तिथून उठलं ते एका गोष्टीमुळे. मी खानापूर तालुक्यातला मराठी, माझा रूम पार्टनर बैलहोंगलकडचा कन्नड. भांडण होतं रात्री उशिरापर्यंत चालू राहणाऱ्या दिव्याचं आणि त्याच्या मित्रांच्या येण्याजाण्याचं. हॉस्टेलच्या ऑफिसात बैठक लागली ती नेमकी ऑक्टोबर संपता संपता, १ नोव्हेंबर तोंडावर असताना. त्या दिवसाला इथे एका घरात राज्योत्सव असतो आणि शेजारच्या घरात काळा दिवस, हे आपल्या भागातल्या कुणाला सांगायला नको. बसल्यावर थोड्याच वेळात मधल्या माणसाने विचारलं, ‘तुमचं हे मराठी-कन्नडवरून आहे काय?’ आम्हा दोघांपैकी कुणीही तो विषय काढला नव्हता. पण एकदा निघाल्यावर तो खोलीतून गेलाच नाही. जो महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद १९५६ पासून सुटलेला नाही आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो आमच्या ट्यूबलाइटला येऊन चिकटला. दाराबाहेर दोन्हीकडची पोरं जमली. त्यानंतर मी दिव्याबाबत एक पाऊल मागे घेतलं असतं तर ते मराठी पोरांनी मागे घेतल्यासारखं दिसलं असतं. त्याचीही तीच अडचण. ‘मिटवून टाका की रे’ म्हणत अकराला दिवा बंद करायचं लिहून घेतलं. सह्या झाल्या आणि आमचं बोलणं बंद झालं.

सगळ्याच बैठका अशा होतात असं मी म्हणणार नाही. मधला माणूस कसलेला असेल तर तो विषयाला फाटा फुटू देत नाही. पण सीमाभागात हा धोका इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, असं मला वाटतं. इथे दोन आडनावं शेजारी आली की बघणारे आपापला अर्थ लावतात.

कोचिंगला बघणारेच नसतात. ज्या समुपदेशक मॅडमकडे मी गेलो त्यांनी कोण बरोबर ते विचारलं नाही. विचारलं, ‘तो हे भांडण त्याच्या आईला कसं सांगत असेल?’ याचं उत्तर देताना मला बराच वेळ लागला. दिव्याचा मला तितकासा त्रास नव्हता. न विचारता माणसं खोलीत आणली जातात, याचा होता. हे माझं मलाच तोवर धड कळलेलं नव्हतं. मग सराव. त्या माझा पार्टनर झाल्या आणि मी बोललो, आधी मराठीत, मग पहिली दोन वाक्यं माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. नंतर चहाच्या गाड्यावर मी त्याच्याशी तसाच बोललो. कळलं की एका विषयात तो मागे पडला होता आणि ते मित्र त्याला शिकवायला येत होते. पुढे तो आधी सांगू लागला. त्या रात्री मी रीडिंग रूममध्ये बसायचो.

दुसरा फायदा असा, की समोरच्याने यायची गरज नसते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात १९९० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी हे सुरू झालं, त्यामागेही मध्यस्थीला फारसं कुणी येत नव्हतं हे एक कारण होतं. पीएच.डी. करणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा. गाइडला समोर बसवायला सांगणार कोण? त्यांच्याशी कधी, कुठे आणि कोणत्या शब्दांनी बोलायचं याची तयारी मात्र एकट्याने करता येते.

थॉमस आणि किल्मन यांनी १९७४ मध्ये भांडणात वागायच्या पाच तऱ्हा मांडल्या: अडून राहणं, सहकार्य, तडजोड, टाळणं आणि नमतं घेणं. बैठकीत बहुधा तडजोडीचीच घाई असते. कोचसमोर पाचही तपासून बघता येतात, अगदी ‘हे भांडण सोडून देतो’ हेसुद्धा. वेळ मात्र जास्त जातो. पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि परीक्षा जवळ असेल तर ते जड जातं.

रॅगिंग, मारहाण, लैंगिक छळ, जातीवरून अपमान यांना यातलं काहीच लागू नाही. तिथे थेट तक्रार. फी, कागदपत्रं, शिष्यवृत्ती अडवली असेल तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. मन फारच खचलं असेल तर आधी १४४१६ वर, टेली-मानसला फोन करा. भांडणाचं नंतर बघता येईल.

‘कॉन्फ्लिक्ट कोचिंग’ अशी पाटी आपल्याकडच्या कॉलेजात दिसेलच असं नाही. समुपदेशकाला किंवा मेंटरला विचारा, की फक्त माझ्याशी बोलून पुढच्या बोलण्याची तयारी करून घ्याल का. हो म्हणाले तर बसण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: टिपणं विभागात जाणार का, कोणत्या परिस्थितीत ते इतरांना सांगतील, आणि मराठीत बोललं तर चालेल का.