ॲलर्जीची गोळी घेताय? आधी सांगा, गाडी चालवायचीय का?

हळदीचे सौदे रंगात आले की सांगलीच्या मार्केट यार्डातली पिवळी धूळ थेट आमच्या मेडिकलपर्यंत शिंका आणते. गिऱ्हाईक म्हणतं, "ॲलर्जीची गोळी द्या." कुठली, ते त्यालाही ठाऊक नसतं.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीचं औषध असतं. ते मेंदूपर्यंत पोचतं, म्हणून गुंगी येते. असर चार ते सहा तासच. एक टेम्पोवाले दादा ही गोळी घेऊन कराडला निघायचे, वाटेत डोळ्यांवर पाणी मारत. माझ्या जिवाला घोर लागायचा. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्या म्हाताऱ्यांना तर मी ती देतच नाही. लघवी अडू शकते, डोळ्यांतला दाब वाढू शकतो.

सेटिरिझिन 10 मिलिग्रॅम दिवसातून एकदा पुरते. लेवोसेटिरिझिन हा त्याच औषधाचा कामाचा अर्धा भाग, म्हणून 5 मिलिग्रॅम. दोन्ही एकत्र घेण्यात काही अर्थ नाही. गुंगी कमी, पण काहींना येतेच, तेव्हा रात्रीची घ्यावी. किडनीचा त्रास असेल तर डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

दादांना मी डॉक्टरांना विचारून फेक्सोफेनाडिन घ्यायला सांगितलं. शिंकांना 120, अंगावर पित्त उठत असेल तर 180 मिलिग्रॅम. झोप जवळजवळ येत नाही. फक्त गोळी पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती अंगाला नीट लागत नाही. लोराटाडिनही गुंगी कमीच आणतं.

मॉन्टेलुकास्ट आणि लेवोसेटिरिझिन एकत्र असलेली जोडगोळी मात्र लोक शेजाऱ्याचं ऐकून मागतात, अगदी पोरांसाठीसुद्धा. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये मॉन्टेलुकास्टवर सर्वात कडक इशारा छापायला लावला: वाईट स्वप्नं, उदासी, आत्महत्येचे विचार. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी ही जोडगोळी देत नाही.

नाक गळण्याऐवजी चोंदत असेल, तर गोळीपेक्षा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे सरस. पण डॉक्टरांनी दिला तरी लोक तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ठेवून देतात. पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मान किंचित खाली, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, कानाच्या बाजूला. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मिनिटांत काम करतात, पण चार-पाच दिवसांपुढे वापरले की नाक उलट जास्त चोंदतं.

ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर यातलं काहीही शोधत बसू नका. 108 ला फोन करा; तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं.